बल्लवाचा मुदपाकखाना

विजयादशमीला आपण शिवेवर शमीपूजनास जातो, तेव्हा पूजा सांगणारे गुरुजी अर्जुनाचे नाव आवर्जून घेतात. अज्ञातवासात शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगरीबाहेरच्या शमीवर ठेवली आणि वर्ष सरत आल्यावर अर्जुनाने ती पुन्हा हाती घेतली, ही कथा लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या शमीपाशी आपले क्षत्रियत्व उतरवून ठेवणारा आणखी एक भाऊ होता, आणि दसऱ्याच्या दिवशी त्याचे स्मरण सहसा कोणी करीत नाही. तो भीमसेन. अर्जुनाचे गांडीव झाडावर ठेवता आले. भीमाचे खरे शस्त्र म्हणजे त्याचे दोन बाहू, आणि ते तो कोठे ठेवणार? ते त्याने स्वयंपाकघरात नेले.

विराटपर्वात हा प्रसंग व्यासांनी मोठ्या गमतीने रंगविला आहे. युधिष्ठिराने प्रत्येक भावाला विचारले, तू कोणत्या वेषाने राहशील? भीम म्हणाला, मी बल्लव नावाचा आचारी होईन. राजाच्या जुन्या आचाऱ्यांनी केली नसतील अशी कालवणे करीन, लाकडांचे मोठमोठे भारे वाहून आणीन, आणि मल्ल लढायला आलेच तर त्यांना पाडीन, पण मारणार नाही. पुढे चौथ्या महिन्यात मत्स्यदेशात ब्रह्मदेवाचा मोठा उत्सव झाला. दिशादिशांहून मल्ल आले. त्यांत जीमूत नावाचा एक असा निघाला की त्याच्यापुढे आखाड्यात उभे राहण्यास कोणी धजेना. तेव्हा राजाने आपल्या आचाऱ्याला आज्ञा केली. ओळख उघडी पडेल म्हणून भीम मनातून नाखूश होता, पण आज्ञा मोडवेना. पोळपाट-लाटण्यावरून उठून तो आखाड्यात उतरला आणि जीमूत त्याच्या हातून गतप्राण झाला. 'मारणार नाही' हे वचन काही पाळले गेले नाही. व्यासांनी ते झाकलेलेही नाही.

उत्सव, मुदपाकखाना आणि आखाडा ही तीन स्थाने या एका कथेत एकाच देहात आली आहेत. आपण मात्र त्यांची फारकत केली. उत्सव देवघरात, राबणे स्वयंपाकघरात आणि बळ वेशीबाहेरच्या तालमीत. या फारकतीचे फळ काय मिळते, ते मी एका दसऱ्याला माझ्या घरातच पाहिले. ते सांगण्यास मला आजही संकोच वाटतो. तथापि कीर्तनकाराने दुसऱ्यांच्याच घरचे दृष्टांत देत राहावे, हे काही बरे नव्हे.

ही गोष्ट २००३ सालची. नवरात्रात नाणे मावळातील एका गावी माझी नऊ रात्रींची कीर्तने ठरली होती. इंद्रायणीकाठच्या आमच्या क्षेत्राहून ते गाव तसे दूर नाही, पण रात्री परतणे सोयीचे नव्हते. म्हणून मी तेथेच राहिलो. घरी घट बसलेला. अखंड नंदादीप, रोजची माळ, सप्तशतीचा पाठ, अष्टमीचा होम, नवमीला कुमारिका आणि सवाष्ण. हा सगळा कुलाचार सौभाग्यवतींच्या शिरावर. मातोश्री तेव्हा हयात होत्या, पण गुडघ्यांनी अधू. मुलगे अठरा आणि पंधरा वर्षांचे, कन्या बारांची. पैकी कोणाला काही काम सांगावे असे माझ्या मनात आले नव्हते.

अष्टमीच्या रात्री गावातील तालमीच्या पोरांनी हट्ट धरला, 'बुवा, आज कुस्तीचं आख्यान लावा.' देवीच्या उत्सवात कंसवध कशाला, असे एकदा मनात आले. परंतु श्रोत्यांचा भाव पाहून उत्तररंगाला चाणूर-मुष्टिकांचे मल्लयुद्ध घेतले. श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधातला हा प्रसंग कीर्तनात रंगतोच. त्यातही मी नेहमी थांबतो तो मथुरेच्या स्त्रियांपाशी. पर्वतासारखे दोन मल्ल आणि त्यांच्यासमोर कोवळे राम-कृष्ण, हे पाहून त्या आपापसात म्हणतात, ही जोड विषम आहे, हा अधर्म आहे; आणि डोळ्यांदेखत अधर्म चाललेला असताना जी सभा गप्प बसते, त्या सभेलाही दोष लागतो. त्या रात्री हे सांगताना माझा कंठ दाटून आला. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. कीर्तन उत्तम झाले, असे मला वाटले.

नवमीला सकाळी गावकऱ्यांनी नारळ, शेला आणि आंबेमोहोराचे एक पोते देऊन मला टेंपोने घरी पोहोचविले. शेवटच्या दिवशीचे कीर्तन लवकर आटोपून घेतले होते. बरोबर गावच्या तालमीचे वस्ताद होते. वय सत्तरीच्या पुढे, कान कुस्तीने चेपलेले, बोलणे थोडे. त्यांना मी प्रसादाला थांबवून घेतले. घरी त्या दिवशी चाळीस पाने होती. चाळीस का? तर मी जागोजागी लोकांना बोलावून ठेवले होते. शास्त्राला एक कुमारिका आणि एक सवाष्ण पुरते. उरलेली पाने माझ्या मोठेपणाची होती.

दुपारचे दीड वाजले तरी पाने वाढली जाईनात. माजघरातून पुरण करपल्याचा वास आला. मी आत डोकावलो तर सौभाग्यवती भिंतीला टेकून बसलेल्या. सोवळ्यात असल्यामुळे पहाटेपासून पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता, आणि नऊ दिवसांचा उपास. म्हणाल्या, 'अहो, मला जरा बसू द्या.' एवढेच. आणि मी, आदल्या रात्री विषम जोडीवर गहिवरलेला मी, पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्यावर ओरडलो. काय बोललो ते लिहिणार नाही. बाहेर चाळीस माणसांची सभा बसली होती. कोणी हूं की चूं केले नाही.

त्या उठल्या, पाने वाढली गेली, जेवणे झाली. रात्री त्यांना ताप भरला, आणि दसऱ्याला डॉक्टरांना बोलवावे लागले.

वस्ताद मात्र निघताना अंगणात थांबले. चपला पायांत सरकवीत म्हणाले, 'बुवा, राती आख्यान लई रंगलं. पर आज तुमच्याच घरी जोड चुकीची लागली की हो. येकली बाई आन् समोर चाळीस पानं. हौद्यात असं झालं तर गाव पंचाला धरतं.' आणि नमस्कार करून ते टेंपोत जाऊन बसले.

दसऱ्याचे सोने लुटण्याला मी त्या वर्षी बाहेर पडलो नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून मनाला विरंगुळा म्हणून चरकसंहिता काढली. सूत्रस्थानातील सातवा अध्याय 'न वेगान् धारणीय' या नावाचा आहे. पाठशाळेत तो मुखोद्गत केला होता. त्या दिवशी तो प्रथम वाचला म्हणावे लागेल. शरीराचे तेरा वेग अडवू नयेत, असे आचार्य सांगतात. त्यांत भूक आहे, तहान आहे, मूत्राचा वेग आहे, झोप आहे, डोळ्यांतले पाणी आहे आणि श्रमाने लागलेला श्वासही आहे. सणाच्या दिवशी आपल्या घरची गृहिणी यांतले किती वेग अडवून धरते, ते वाचकांनी आपल्याच घरात पाहावे. त्याच अध्यायात पुढे, जे वेग अडवलेच पाहिजेत तेही सांगितले आहेत. मनाचे लोभ, क्रोध, अभिमान, ईर्ष्या इत्यादी. आणि वाणीचे कोणते? कठोर बोलणे, अतोनात बोलणे, चहाडी, असत्य, आणि अवेळी बोलणे. म्हणजे आमच्या घरात नेमके उलटे चालले होते. जे अडवू नये ते एकीने अडविले होते आणि जे अडवावे ते दुसऱ्याने मोकळे सोडले होते.

या दोन याद्यांच्या लगेच पुढे, त्याच अध्यायात, चरकाचार्य व्यायामाकडे वळतात. मला हा क्रम अर्थपूर्ण वाटला. व्यायामाने अंग हलके होते, कामाचे सामर्थ्य येते, स्थैर्य येते आणि क्लेश सोसण्याची ताकद वाढते, असे ते म्हणतात. मनाचा वेग आवरायचा तर आधी देहाला वेग पेलण्याची सवय हवी. ती नसेल तर क्रोध आवर म्हणून सांगणे म्हणजे न पोहणाऱ्याला डोहात ढकलून धीर देणे होय. लगोलग इशाराही आहे. व्यायाम, हसणे, बोलणे, वाट चालणे, स्त्रीसंग आणि जागरण यांचा अतिरेक, सवयीचा असला तरी, करू नये. बोलणे आणि जागरण! कीर्तनकाराने या ओळीवर पोथी मिटावी अशीच ती आहे.

सौभाग्यवतींना बरे वाटल्यावर मी वस्तादांकडे गेलो. त्यांची तालीम म्हणजे कौलारू छपराची एक खोली, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि मध्ये मातीचा हौदा. माती नुसती नव्हे. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, काव आणि कापूर घालून ती वर्षानुवर्षे मळलेली. मला हसू आले, कारण यातले बहुतेक जिन्नस स्वयंपाकघरातले. वस्ताद म्हणाले, बळ लावायला पोरांना फार दिवस लागत नाहीत; बळ राखायला शिकायला वर्षे लागतात. नव्या पोराला ते आधी डाव शिकवीत नसत. मातीला हात लावून नमस्कार, समोरच्याशी हात मिळवणे, आणि मग केवळ खडाखडी. आपण व्यवहारात खडाखडी हा शब्द भांडणाला लावतो. तालमीत ती समोरच्याचे बळ अजमावण्याची पहिली झट आहे. जो खडाखडीतच चिडला त्याला हौद्याबाहेर बसवीत. आणि खालच्या गड्याने 'सोड' म्हटले की वरच्याने पकड त्या क्षणी सोडायची. जत्रेतल्या फडात निकाल लागतो. तालमीत 'सोड' या शब्दाचा मान.

वस्तादांनी आमच्या घरी येण्याचे कबूल केले. पुढील वर्षी, २००४ साली, गणपतीचे विसर्जन झाल्यापासून आम्ही आरंभ केला. घट बसेपर्यंत शरीराला सवय व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. उत्सवाच्या तोंडावर एकाएकी जोर-बैठका काढू लागणारा माणूस सणाच्या दिवशी लंगडत फिरतो, हे त्यांचे म्हणणे. अंगणात पहाटे मुलगे आणि कन्या काठीचे हात शिकू लागली. मी आणि सौभाग्यवती सूर्यनमस्कार आणि हलक्या बैठका. किती? येथे पुन्हा ग्रंथाचा आधार सापडला. सुश्रुताने आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा असे म्हटले आहे. वाग्भटाने तर अर्धे बळही थंडीच्या दिवसांत आणि वसंतात सांगितले असून इतर ऋतूंत त्याहून कमीच. नवरात्र शरद ऋतूत येते. म्हणजे सणाच्या दिवसांत अगदी मंद व्यायाम. उपास असेल त्या दिवशी आम्ही तोही करीत नसू. उभे राहून दीर्घ श्वास सोडणे, एवढेच. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्यांचे दुखणे असेल त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वैद्यांना विचारल्याशिवाय काहीच करू नये, हे मी येथे निक्षून सांगतो.

पहिल्या आठवड्यातच मातोश्रींनी विरोध केला. 'देवाचे दिवस जवळ आले, आणि घरात जोर-बैठका काय? घामेजल्या अंगाने सोवळ्यात येणार का?' त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मी दिनचर्येचा क्रम सांगितला. वाग्भटाच्या क्रमात अभ्यंग, मग व्यायाम, मग उटणे, मग स्नान. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले की नरकचतुर्दशीला आपण तेल लावतो, उटणे लावतो, अभ्यंगस्नान करतो. त्या चारांपैकी तीन आपण जिवापाड जपले आणि मधला व्यायाम तेवढा गळाला! तेल लावून कुडकुडत पाटावर बसलेल्या पोराला जर चार सूर्यनमस्कार घालायला लावले, तर आईला त्याच्याशी 'चल लवकर' म्हणून झगडावे लागणार नाही आणि त्याची थंडीही पळेल.

मातोश्री काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'आम्ही मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगडी खेळत होतो, तेव्हा त्याला व्यायाम म्हणत नव्हते. आणि फुगडी काय, एकीने अंग चोरले की दुसरी पडते.' मी पुष्कळ ग्रंथ पाहिले आहेत. पण जोड कशी असावी याचे इतके नेमके उत्तर मला कोठे मिळाले नव्हते. फुगडीत दोघी हात घट्ट धरून मागे रेलतात. दोघींचा भार सारखा असला तरच फेर धरतो. एक भारी आणि एक हलकी असेल तर भारीने आपला भार राखून खेळायचे असते. मातोश्रींनी त्या दिवसापासून विरोध सोडला, आणि ओट्यावर बसून नातीचे काठीचे हात मोजू लागल्या.

एवढ्याने घरातला ताण संपला, असे म्हणणे असत्य ठरेल. त्या वर्षी नवरात्रात सौभाग्यवतींनीच ठरविले की पाने नऊ. मला ते जड गेले. ज्यांना बोलावले नाही त्यांना तोंड कसे दाखवावे, या विचाराने दोन रात्री झोप आली नाही. मग थोरल्याने पाणी भरण्याचे आणि पाट मांडण्याचे काम घेतले, धाकट्याने नारळ खोवण्याचे. पुरण वाटण्याला मी बसलो. बैठका काढलेल्या मांड्यांनाही पाट्यापुढची ती बैठक सोसेना. त्या दिवशी मला कळले की या घरातील सर्वांत तालीमबाज देह कोणाचा आहे. २००९ च्या दिवाळीत आमचे पुन्हा खडाजंगी भांडण झाले, चकलीच्या भाजणीवरून. धाकटा मधे येऊन म्हणाला, 'बाबा, सोड.' आम्ही दोघेही एकदम थांबलो. त्या शब्दाने भांडण मिटले नाही, पण पकड सुटली. राहिलेले दुसऱ्या दिवशी, पोटात अन्न गेल्यावर, शांतपणे बोलता आले.

आमच्या मावळाला हा विषय परका नाही. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची यांच्या छायेतली ही गावे. लोहगड तर २०२५ साली इतर अकरा दुर्गांबरोबर जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. दिवाळीत आमची मुले अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात, तेव्हा आपोआप तासन्‌तास मातीत राहतात आणि आईच्या पदराला लोंबत नाहीत. हीही एक तालीमच. गावोगावच्या जत्रांत लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी लागतात आणि मोठ्या जोडी नंतर. पाच वर्षांचे पोर पडून उठते, अंगावरची माती झटकते आणि ज्याने पाडले त्याच्याबरोबरच रेवडी खाते. हरणे सोसण्याचे इतके स्वस्त शिक्षण मला अन्यत्र दिसले नाही.

लोणावळ्याचे नाव निघाले की आज लोकांना चिक्की आणि पावसाळ्यातली गर्दी आठवते. सुट्या लागल्या की तेथील घरे म्हणजे धर्मशाळाच. लोकलगाडीने पाहुणे येतात आणि 'सहज आलो' म्हणून तीन दिवस राहतात. तेथील गृहिणींचे क्लेश मला वेगळे सांगायला नकोत. परंतु याच लोणावळ्यात ऑक्टोबर १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम आश्रम स्थापन केला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, देहावसान १९६६. ते योगी म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण योगाआधी ते तालमीचे शिष्य होते, हे थोड्यांना माहीत असते. १९०७ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्यापाशी देशी व्यायामाचे आणि युद्धकलेचे शिक्षण घेतले. नंतर नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योगाभ्यास केला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारा हा बुद्धिमान पुरुष आखाड्यातून श्वासाकडे गेला आणि मग त्या श्वासाचे यंत्रांनी मोजमाप करू लागला. 'योगमीमांसा' हे नियतकालिकही १९२४ सालीच निघाले. लाठी फिरविणारा हात आणि प्राणायाम करणारी नासिका एकाच देहाची आहेत, याचे याहून चांगले उदाहरण मला आमच्या प्रांतात ठाऊक नाही. वस्तादांचा 'दम राख' आणि योग्यांचे दीर्घ रेचक यांत भाषेचाच काय तो फरक. श्वास सावकाश सोडला की धडधड उतरते, हे आता वैद्यकही मान्य करते. आम्हा कीर्तनकारांना लांब तान घेताना ते आधीच कळलेले असते.

परदेशातही युद्धकलेचा देवस्थानाशी असा संबंध दिसतो. जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची कोदोकान ही शाळा काढली, ती टोकियोतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात. समोरच्याला वाकून नमस्कार केल्याशिवाय तेथे झोंबी सुरू होत नाही, आणि परस्परांचे कल्याण हे त्या विद्येचे एक ब्रीद त्यांनीच सांगून ठेवले. आपल्याकडे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे समर्थ व्यायाममंदिर १९२५ चे. दादरच्या या संस्थेत मुलींना दोरीच्या मल्लखांबावर पाहिले की मंगळागौरीच्या खेळांची आठवण होते. तेथील उदय देशपांडे यांना मल्लखांबाच्या कार्यासाठी २०२४ साली पद्मश्री मिळाली. मल्लखांबाचे मूळ शोधू जाता बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातील मल्लविनोदापर्यंत जाता येते. तेथे मल्लांच्या श्रमांमध्ये स्तंभश्रमही सांगितला आहे. असो, हा प्रांत स्वतंत्र लेखाचा आहे.

एक गोष्ट मात्र मनाला खटकते. अलीकडे मिरवणुकांत लाठी आणि दांडपट्टा दिसू लागला, हे चांगले झाले. परंतु त्यामागे कानठळ्या बसविणारे कर्णे आणि समोर मोबाइल धरलेले हात. वस्ताद असते तर त्यांनी काठी खाली ठेवली असती. काठी ज्याला पेलते तो ती उगाच दाखवीत नाही. विराटाच्या सभेत कीचकाने द्रौपदीचा अपमान केला, तेव्हा भीमाची नजर जवळच्या झाडाकडे गेली. कंकवेषातील धर्मराजांनी ते ओळखले आणि आचाऱ्याला सरपणच हवे असेल तर ते बाहेरून आणावे, असे सूचक बोलून त्याला आवरले. भीम आवरला. त्या संतापाचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे आणि ते सांगण्याची ही जागा नव्हे. पण बळाने ओथंबलेला माणूस भर सभेत एका वाक्याने थांबतो, ते मला नेहमी जीमूताच्या वधापेक्षा मोठे वाटत आले आहे. कीर्तनात मी आता हाच प्रसंग अधिक रंगवतो.

तरुण वाचक विचारतील, रोज किती वेळ द्यावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली आहे. म्हणजे रोजची वीस-पंचवीस मिनिटे तरी झाली. आमच्याकडे पहाटेची पंधरा मिनिटे एकत्र आणि उरलेली ज्याची त्याने, असा प्रघात पडला आहे. एकत्रची पंधरा मिनिटे मी अधिक मोलाची मानतो, कारण त्याच वेळी त्या दिवशीच्या कामांच्या जोडी ठरतात. आज कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची झोप झालेली नाही, हे काठी फिरविताना आपोआप दिसते. एरवी ते दुपारी दीड वाजता करपलेल्या पुरणाच्या वासाने कळते.

वस्ताद २०११ साली गेले. त्यांच्या तालमीत आता मातीशेजारी गादीही आली आहे आणि संध्याकाळी मुली ज्यूदो-कराटे शिकतात. आमची कन्या आपल्या सासरी दिवाळीच्या आधी महिनाभर जावांना अंगणात उभ्या करते, असे जावईबापूंनी हसत सांगितले. थोरल्या सूनबाईंना काठीपेक्षा फुगडी आवडते. माझे गुडघे आता मातोश्रींच्या वळणावर चालले आहेत. सूर्यनमस्कार सुटले, श्वास राहिला आहे.

खंडेनवमीला आमच्या पाटावर माझ्या चिपळ्या आणि पोथी असते, मुलांची अवजारे असतात, आणि वस्तादांनी निघण्यापूर्वी पाठवून दिलेली त्यांची वेताची काठी. विळी आणि उलथने सौभाग्यवती आणून ठेवतात. पहिले हळदीकुंकू विळीला. सवाष्ण आणि कुमारिका मिळून पाने अजूनही नऊच. रात्री नंदादीपाची राखण वाटून घेतलेली आहे. दहापासून दोन वाजेपर्यंत माझी पाळी, पुढे धाकट्याची. वात सरकवून मी तेल घालतो आणि पोथी न काढता बसून राहतो. माजघरात सौभाग्यवती गाढ झोपलेल्या असतात.